श्रद्धा आणि संपत्ती : संत गाडगेबाबांच्या जीवनाचा बोध

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत मी एका अशा माणसाबद्दल लिहीत आहे, की ज्याने धम्मदीक्षा घेतली नाही, ज्याच्या तोंडी शेवटपर्यंत गोपाळाचे नाव होते, आणि तरीसुद्धा ज्याचा फोटो आपल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आदराने लावलेला असतो. तो माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

हा विषय मी मुद्दाम घेतला. आपल्या वस्तीत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने कानावर येतो. अमक्याने नवस केला आणि त्याची नोकरी परमनंट झाली. तमक्याने बोटात खड्याची अंगठी घातली आणि त्याचा प्लॉट झाला, गाडी झाली. मग आपलीही माणसे हळूच विचारतात, की आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, म्हणून तर आपली भरभराट अडली नसेल ना? काहीजण तर याच्याही पुढे जातात. त्यांनी देव सोडले, पण मागणे सोडले नाही. पौर्णिमेला विहारात येतात, मेणबत्ती लावतात, आणि डोळे मिटून मनात पोराच्या नोकरीचा नाही तर सट्ट्याच्या आकड्याचा विचार करतात. फोटो बदलला, हात जोडण्याचे कारण तेच राहिले. उपासक-उपासिका बंधू-भगिनींनो, राग मानू नका, पण हे आपण पाहतो आणि गप्प बसतो.

तेव्हा श्रद्धेने माणूस मोठा होतो का, श्रद्धेने पैसा येतो का, याचा सरळ विचार केला पाहिजे.

भगवंतांनी संसारी माणसाला काय सांगितले

अंगुत्तर निकायात व्यग्घपज्ज सुत्त आहे. दीघजाणू नावाचा एक कोलिय गृहस्थ भगवंतांकडे आला. आम्ही बायकापोरांत राहणारी, सोन्या-चांदीची हौस असणारी माणसे, आमचे या जगात आणि पुढेही भले कशाने होईल, असे त्याने विचारले. भगवंतांनी त्याला संसार सोडायला सांगितले नाही. संसारातल्या सुखासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. आपल्या धंद्यात मेहनत आणि हुशारी असावी. घामाने कमावलेले नीट सांभाळावे. संगत चांगल्या माणसांची धरावी. मिळकत बघून खर्च करावा. मग तळ्याचा दाखला दिला. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा असतात आणि जाण्याच्याही चार. बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या पाणी जाण्याच्या वाटा. त्या उघड्या ठेवल्या आणि वरून पाऊस पडला नाही, तर तळे आटणारच.

आता लक्ष देऊन पाहा. या चार गोष्टींत श्रद्धा नाही. श्रद्धा येते ती पुढच्या चारांत, आणि तिथेही ती एकटी येत नाही. तिच्यामागे शील येते, दान येते आणि प्रज्ञा येते. म्हणजे पैसा मिळवायला मेहनत लागते, आणि मिळालेला पैसा माणसाला माणूस ठेवील की राक्षस करील, हे ठरवायला श्रद्धा, शील, दान, प्रज्ञा लागतात. हे डोक्यात ठेवून गाडगेबाबांचे जीवन वाचले, म्हणजे ज्याच्या तोंडी गोपाळ होता त्याने धम्माचे काम कसे केले, ते कळते.

दारूने बुडालेले घर

आपल्या भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसले की अकोल्यापुढे मूर्तिजापूर स्टेशन लागते. बाबांचे बालपण याच मुलखातले. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव या खेड्यात परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई. पाळण्यातले नाव देबू, पूर्ण नाव देबूजी झिंगराजी जानोरकर.

झिंगराजी दारूच्या आहारी गेले. त्या काळी देवाच्या नावाने बोकड कापायचा, दारू पाजायची आणि भाऊबंदांना जेवू घालायचे, अशी रीत होती. देवाचे नाव, घर मात्र माणसाचे बुडायचे. झिंगराजींच्या घरी तेच झाले. देबू लहान असतानाच वडील गेले. घरदार राहिले नाही, आणि सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी भावाच्या आश्रयाला आली.

मामाचे नाव चंद्रभान. देबू मामाची गुरे राखू लागला, मोठा झाला तसा नांगर धरू लागला. शाळा त्याने पाहिली नाही. पण जमिनीची त्याला चांगली समज होती आणि अंगात बैलासारखी ताकद होती. पिकाला नजर लागते, अमुक वारी पेरू नये, असल्या गोष्टींकडे न बघता वेळेवर वखर, वेळेवर निंदणी, हाच त्याचा मुहूर्त. भगवंतांनी सांगितलेली पहिली गोष्ट, मेहनत आणि हुशारी, ती या अडाणी पोराच्या हाडात होती.

सावकार आणि अंगठा

पण नुसत्या मेहनतीने भागत नाही. पाणी येण्याची वाट मोठी आणि जाण्याची वाट त्याहून मोठी, असे झाले म्हणजे काय होते, ते देबूने मामाच्या घरी पाहिले. चंद्रभान कष्टाळू होता, साधा होता. सावकाराच्या गोड बोलण्यावर त्याची श्रद्धा होती. दरसाल माल सावकाराच्या घरी जायचा. कर्ज किती, फिटले किती, हे सावकार तोंडाने सांगेल तेच खरे. पावती नाही, हिशेब नाही, आणि कागदावर मामाचा अंगठा. कर्ज फिटले असे वाटत होते, तेव्हाच एक दिवस जमीन गेल्याचे कळले. त्या धक्क्याने मामा खंगला आणि मेला.

ही गोष्ट मला बाबांच्या साऱ्या जीवनाची किल्ली वाटते. चंद्रभान देवभोळा होता, प्रामाणिक होता. श्रद्धेने संपत्ती राहत असती तर त्याची जमीन जायला नको होती. जमीन गेली ती कागद वाचता येत नव्हता म्हणून, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला कधी हिशेब विचारला नाही म्हणून.

देबूजीने घराचा भार उचलला, राबून घर सावरले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा हा गडी शेतातून हटला नाही. भित्र्या मामाचा भाचा असा उभा राहील असे सावकाराला वाटले नव्हते. त्याला माघार घ्यावी लागली. देबूजीने कोणत्या देवाला कौल लावला नाही. आपल्या घामावर आणि आपल्या हक्कावर श्रद्धा ठेवली. अशी श्रद्धा पाठीचा कणा ताठ करते. नवसाची श्रद्धा माणसाला वाकायला लावते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलगी झाली, बारसे आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू पाहिजे होती. देबूजीने ती बंद केली आणि पंगतीला गोडधोड वाढले. भाऊबंद रागावले, नावे ठेवली. पण ज्या रिवाजाने बाप खाल्ला, तो रिवाज त्याने आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तळ्याची एक फुटकी वाट त्याने बंद केली. आजच्या भाषेत सांगायचे तर लोक काय म्हणतील याला तो भ्याला नाही, आणि आपल्यातली निम्मी कर्जे लोक काय म्हणतील याच्यापायीच होतात.

खराटा आणि गाडगे

घर सावरले, शेत सावरले. इथे एखादा म्हणेल, झाला की माणूस यशस्वी! देबूजीला ते पुरे वाटले नाही. आपल्या घरातली फुटकी वाट बुजवली, पण गावोगाव घरोघर तीच वाट उघडी, हे त्याला दिसत होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी, आणि एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच खायचे, प्यायचे, आणि वेळ पडली तर तेच डोक्यावर पालथे घालायचे. लोक गाडगेबुवा म्हणू लागले.

या ठिकाणी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. कुंताबाई आणि लेकरे मागे राहिली. त्यांनी जे सोसले ते बाबांच्या मोठेपणाखाली झाकून टाकू नये. बाबांच्या यशात त्या माउलीचा वाटा आहे.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे ठिकाण आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. नावातच ऋण फिटण्याची आशा आहे. अंग बुडवले की देणे फिटले, असे कुणाला वाटणार नाही? पण मामाचे ऋण कसे वाढले हे ज्याने पाहिले होते, तो तिथे गेला आणि खराटा हातात घेतला. चिखलात घसरणाऱ्या बाया-बापड्यांसाठी वाट साफ केली, आणि पुढे लोकांचा पैसा व श्रम गोळा करून १९०८ च्या सुमारास तिथे घाट बांधून काढला. बाबांच्या हातून उभे राहिलेले हे पहिले मोठे काम.

पुढची पन्नास वर्षे एकच क्रम. गावात शिरायचे, कुणाला न सांगता गटारे आणि रस्ते झाडायचे, मेहनत केल्यावर मिळालेली भाकर खायची आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या कीर्तनात पोथी नव्हती. ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. ज्या देवाला स्वतःचे धोतर नेसता येत नाही, ज्याच्या पुढचा नैवेद्य कुत्रे खाऊन जाते, तो तुमचा संसार काय चालवणार, असा त्यांचा रोख असायचा. एका नारळावर पोर देणारा देव असता, तर लग्न करायची गरज काय होती, असे ते हसत हसत लोकांच्या गळी उतरवायचे. आणि पुढे सांगायचे ते असे : कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, बोकड मारू नका, हुंडा घेऊ नका, शिवाशीव पाळू नका. बायकोला स्वस्तातले लुगडे घ्या, जेवायचे ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला.

श्रीमंत होण्याची याहून साधी युक्ती मला तरी कुठल्या पुस्तकात सापडली नाही. मी गिरणीत काम करणारा माणूस, शाळा थोडी, वाचन सगळे पाळी सुटल्यावरचे. पण माझ्या पाहण्यात जी घरे वर आली ती अशीच आली. बापाने साच्यावर उभे राहून आणि आईने मजुरी करून एका पोराला शिकवले, आणि त्या एका पोराने घर वर काढले.

लाखो रुपये आले कुठून?

आता संपत्तीचा प्रश्न. ज्या माणसाच्या अंगावर धड कपडा नव्हता, त्याने काय काय उभे केले ते पाहा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. ठिकठिकाणी अन्नछत्रे, घाट, आश्रमशाळा, वसतिगृहे. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमा झाले आणि खर्च झाले. हा पैसा कोणत्या श्रद्धेने आला?

हा पैसा आला तो लोकांच्या विश्वासाने. बाबांनी पैशाची थैली आपल्या कमरेला कधी बांधली नाही. प्रत्येक कामाला विश्वस्त नेमले. आपल्या बायको-मुलांचा, नातेवाइकांचा या संस्थांवर काडीचाही हक्क राहू दिला नाही. कुणाला पाया पडू दिले नाही, कुणाला गुरुमंत्र दिला नाही. देणाऱ्याला दिसत होते की आपला रुपया दगडात, चुन्यात, आणि उपाशी माणसाच्या पोटातच जातो. मामाला सावकाराने हिशेब दिला नव्हता. भाच्याने सगळ्या महाराष्ट्राला हिशेब दिला. जिथे हिशेब उघडा असतो तिथे श्रद्धा डोळस असते, आणि डोळस श्रद्धेला पैसा कमी पडत नाही. हे आपल्या विहाराच्या, जयंतीच्या आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनीही मनावर घ्यावे. वर्गणी कमी येते म्हणून लोकांना नावे ठेवण्याआधी मागच्या वर्षीचा हिशेब फळ्यावर लिहिला होता का, ते बघावे.

चोखामेळा धर्मशाळा

बाबांच्या कामांपैकी एका कामाचे आपल्या समाजावर फार मोठे उपकार आहेत. पंढरपूरला लाखो वारकरी जात. त्यांत आपलेही आजे-पणजे होते. देवाच्या दारी जाऊनही त्यांना कुणाच्या धर्मशाळेत पाय ठेवता येत नव्हता. पावसात, वाळवंटात पडून राहायचे आणि परत यायचे. त्यांची श्रद्धा काय कमी होती? पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा! तिने त्यांना अंगावर छप्परसुद्धा दिले नाही. छप्पर दिले ते एका माणसाने. १९२० च्या सुमारास बाबांनी पंढरपुरात अस्पृश्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली.

आणि पुढे १९४९ साली तीच धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. ही सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केली होती. जी इमारत यात्रेकरूंसाठी बांधली, ती विद्यार्थ्यांच्या हाती गेली. मंदिराच्या पायरीपेक्षा शाळेची पायरी गरिबाला वर नेते, हे एका निरक्षर माणसाने ओळखले आणि एका महाविद्वान माणसावर श्रद्धा ठेवून आपली कमाई त्याच्या ओंजळीत टाकली. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. एकाने कीर्तनाचा फड धरला, दुसऱ्याने कायदा आणि धम्म. पण दोघांना एकमेकांबद्दल आदर होता, कारण दोघांनाही गरिबाचे पोर शिकलेले पाहायचे होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेमागेही बाबा असेच उभे राहिले. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात सरकारने रयतचे अनुदान बंद केले, तेव्हा ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. १९५४ साली कराडला निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले गेले. ज्याने आयुष्यात पाटी धरली नाही, त्याच्या नावाच्या दारातून हजारो पदवीधर बाहेर पडले. २००५ साली तर अमरावती विद्यापीठालाच संत गाडगेबाबांचे नाव मिळाले.

अखेर

१९२३ साली बाबांचा मुलगा पिसाळलेले कुत्रे चावून गेला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. रोज कितीतरी जणांची लेकरे जातात, मी एकट्याने काय रडावे, अशी त्यांची वृत्ती होती. ही गोष्ट ऐकली की मला मोहरीचे दाणे मागत घरोघर फिरलेली किसा गौतमी आठवते. मरण झाले नाही असे घर तिला मिळाले नाही. बाबांनी ते घर शोधायची गरजच ठेवली नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा तेव्हा आजारीच होते. ही बातमी त्यांच्या जिवाला फार लागली, असे जुनी माणसे सांगतात. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांचे निधन झाले. घरात नाही, मठात नाही, रस्त्यावर. मागे स्वतःच्या नावावर म्हणावी अशी काही मालमत्ता नव्हती.

आपण काय घ्यावे

बंधू-भगिनींनो, गाडगेबाबांचा गोपाळ आपण घेणार नाही. आपली वाट बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आखून दिली आहे आणि ती पुरेशी आहे. पण त्यांची श्रद्धा तपासून बघा. त्यांनी गोपाळाचे नाव घेतले, पण गोपाळाकडे मागितले काही नाही. आपण बुद्धाचे नाव घेतो आणि मागत बसतो. मग धम्माच्या जवळ कोण?

आपले दीपनगर सगळ्या महाराष्ट्राला वीज देणारे गाव. इथे कोळसा जळतो तेव्हा दिवा लागतो. कुणी भट्टीपुढे हात जोडून बसला म्हणून युनिट सुरू झाले, असे होत नाही. संसाराचेही तसेच आहे. आज सावकार अंगठा घेत नाही, सही घेतो. दर आठवड्याला हप्ता मागायला बायांच्या दारात उभा राहतो. मटक्याची चिठ्ठी गेली आणि तोच जुगार पोरांच्या मोबाइलमध्ये आला. डीजे लावून लग्न करायचे, आणि मग मुलीची फी भरायला पैसे नाहीत म्हणायचे. तळे तेच, फुटक्या वाटाही त्याच. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण आपल्या घरातला अंगारा-धुपारा पोलीस येऊन काढणार नाहीत, तो आपणच काढायचा आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. विहारात जरूर या, त्रिशरण-पंचशील जरूर घ्या, पण मागायला येऊ नका, ठरवायला या. या महिन्यात दारू नाही, हे ठरवा. हातातला कागद पोराकडून वाचून घेतल्याशिवाय सही नाही, हे ठरवा. एक सण कमी झाला तरी चालेल, पण मुलीचे शिक्षण थांबणार नाही, हे ठरवा. मिळकतीतले थोडे का होईना, दुसऱ्याच्या पोरासाठी बाजूला काढायचे, हे ठरवा. आणि मग त्या ठरावावर श्रद्धा ठेवा. अशा श्रद्धेने एका रात्रीत बंगला होणार नाही, पण एका पिढीत घर नक्की उभे राहील, आणि ते कुणाच्या नवसाचे देणे लागणार नाही.

संत गाडगेबाबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!